महापुरातून वाचलेली रायफल घ्यावी का? सांगलीतल्या एका बॅरलची तपासणी

सांगलीतल्या एका ज्येष्ठ नेमबाजांनी आपली ५० मीटर प्रकारातली .२२ रायफल विकायला काढली होती. जर्मन बनावट, स्पर्धेच्या दर्जाची (मॅच) जड बॅरल म्हणजे नळी, लाकडी दस्ता. घेणारं कुटुंब मिरजेचं. मुलगी अकरावीत, थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेमबाजी) खेळते, आजवर क्लबच्या रायफलीवर भागवत आलेली. वडील कुपवाड एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये आहेत, मायक्रोमीटर आणि डायल गेज हाताळण्यात आयुष्य गेलेले.

रायफलीच्या किमतीवर वाद नव्हता. शंका वेगळीच होती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा या घराचा तळमजला पाण्यात होता. रायफल माडीवरच्या कुलूपबंद कपाटात होती. तिला पाणी लागलं नाही, पण घर उघडेपर्यंत ती त्या ओल्या हवेत तशीच पडून राहिली. वडिलांनी मला सरळ विचारलं, "सर, दिसायला भारी आहे, पण आत काय झालंय ते बघितल्याशिवाय पैसे कसं द्यायचं?"

प्रश्न रास्त होता. क्लबमध्ये याचं उत्तर सहसा दोन प्रकारे मिळतं. कुणी तोंडाकडून उजेडाला धरून आत डोकावतो आणि "चकाचक आहे" म्हणतो. कुणी पाच गोळ्या मारून कागद दाखवतो. या दोन्हींवर एवढी रक्कम लावू नये असं माझं ठाम मत आहे, म्हणून ही तपासणी सविस्तर लिहितो आहे.

किती अचूक म्हणजे पुरेसं

आधी गरज मोजली. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी असतो आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिमी बाहेर. गोळीचा व्यास साधारण ५.६ मिमी. गोळीची कड दहाच्या रेषेला टेकली तरी दहा मिळतात, म्हणजे गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत पडला पाहिजे. सगळे दहा हवेत तर रायफलीचा पूर्ण फैलाव, मध्यापासून मध्यापर्यंत, १६ मिमीच्या वर्तुळात मावायला हवा. तोही नेमबाजाची थरथर शून्य धरून. दशांशात मोजलं तर ०.८ मिमी सरकलं की ०.१ गुण जातो.

हा हिशेब किती बारीक आहे ते पॅरिसच्या निकालावरून कळतं. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये याच थ्री पोझिशन प्रकारात कांस्य मिळवलं. पात्रता फेरीत ६० गोळ्यांत त्याचे गुण होते ५९०, आणि क्रमांक सातवा. साठ गोळ्यांत दहा गुण गेले तरी अंतिम फेरीत जाणाऱ्या आठांच्या यादीत तो तळाजवळ होता. या पातळीकडे जाऊ पाहणाऱ्या मुलीच्या हातात २५ मिमी फैलावाची रायफल दिली, तर तिचे काही नऊ तिच्या चुकीशिवाय जातील. त्याहून वाईट म्हणजे ती नसलेली चूक शोधत बसेल. चांगल्या नेमाची गोळी नवात गेली की मूल श्वास बदलतं, हाताची पकड बदलतं, आणि घट्ट बसलेली सवय मोडून टाकतं. खराब बॅरलचा सगळ्यात मोठा तोटा मला हाच वाटतो.

मालक काकांनी एक जुना कागद जपून ठेवला होता. पाच गोळ्या, ९ मिमीचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका. "बॅरल एकदम कडक आहे बघा," ते म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. पण पाच गोळ्यांचा एकच ग्रुप बॅरलबद्दल फार थोडं सांगतो. रायफलीत काहीही न बदलता पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप मारत गेलं तर एक १० मिमीचा येईल, दुसरा २० चा. जपून ठेवला जातो तो दहाचा. शिवाय गोळ्या वाढल्या की फैलाव वाढतोच: एकाच रायफलीचा दहा गोळ्यांचा ग्रुप सरासरीनं पाच गोळ्यांच्या ग्रुपच्या सव्वापट निघतो. म्हणून पाचाची दहाशी तुलना करता येत नाही.

आम्ही ठरवलं की दहा गोळ्यांचे अनेक ग्रुप मारायचे आणि मुख्य आकडा धरायचा तो सरासरी त्रिज्येचा, म्हणजे प्रत्येक गोळी ग्रुपच्या मध्यापासून किती दूर आहे त्याची सरासरी. टोकाच्या दोन गोळ्यांचं अंतर फक्त त्या दोन गोळ्यांवर ठरतं. सरासरी त्रिज्येत दहाही गोळ्या बोलतात. वडिलांना हे लगेच पटलं. टूलरूममध्ये एका नगावरून मशीनची क्षमता कोणी ठरवत नाही.

साफ करण्याआधी

काकांनी रायफल स्वच्छ करून देण्याची तयारी दाखवली. मी नको म्हटलं. जशी आहे तशी आधी पाहायची, मग मारायची, आणि त्यानंतर साफ करायची. आधीच पुसली तर दोष मळाचा होता की पोलादाचा, हे नंतर कळत नाही.

अर्थात सुरक्षेची तपासणी सर्वांत आधी. बोल्ट काढून नळी मोकळी असल्याची खात्री केली. मग रेंजवर, तोंड टार्गेटकडे ठेवून, एक काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागात, घातलं आणि न उडवता बाहेर काढलं. ही साधी चाचणी मला फार आवडते, कारण तिला कोणतंही उपकरण लागत नाही. मॅच चेंबरमध्ये काडतूस पूर्ण बसलं की शिशाच्या गोळीवर आट्यांचे, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार उंचवट्यांचे, ठसे उमटतात. ते सगळीकडून सारखे असतील तर चेंबर आणि नळीचा अक्ष जुळतो. एकाच बाजूला खोल असतील तर चेंबर तिरकं कापलेलं आहे, आणि अशा नळीत गोळी पहिल्या मिलिमीटरपासूनच वाकडी शिरते. इथे ठसे गोलाकार आणि समान होते. वडिलांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि मान डोलावली.

मग बोअरस्कोप. यूएसबीचा बारीक कॅमेरा लॅपटॉपला जोडला आणि मागून पुढे अगदी सावकाश सरकवला. चेंबर संपतं तिथे काळ्या कडक मळाचं कडं जमलेलं होतं. .२२ मध्ये हे नेहमीचं आहे: काडतुसाच्या तोंडाशी दारूची काजळी, गोळीवरचं मेण आणि शिसं मिळून ते तयार होतं, आणि नरम फडक्यानं सहज निघत नाही. पुढे काही ठिकाणी तांबूस डाग दिसले. वडिलांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, हाच पुराचा गंज.

बोअरस्कोप फार मोठं करून दाखवतो, त्यामुळे त्यातल्या चित्रावरून लगेच निकाल देऊ नये. नव्या उत्तम बॅरलमध्येही हत्यारांच्या रेघा डोंगरदऱ्यांसारख्या दिसतात. डाग कुठे आहेत याची फक्त नोंद केली. तोंडापासूनचं अंतर, खोबणीत की आट्याच्या माथ्यावर, एवढंच.

ग्रुप, जसे आले तसे

आमच्या रेंजवर मशीन व्हाइस (रायफल घट्ट पकडणारा शिकंजा) नाही. पुढे जड रेस्ट, मागे वाळूची पिशवी, वर दुर्बीण चढवली म्हणजे पीप साइटची (छिद्रातून नेम धरायच्या साधनाची) चूक हिशेबात येत नाही. वारा सुरू होण्याआधी, पहाटे उजाडल्यावर लगेच गोळीबार. काडतुसं तीन वेगळ्या लॉटची, म्हणजे उत्पादनाच्या खेपांची. दोन मॅच दर्जाची, एक सरावाची. लॉट बदलला की आधी काही गोळ्या नुसत्याच मारून टाकायच्या, कारण प्रत्येक कंपनीचं मेण वेगळं असतं आणि नळीत नवा थर बसेपर्यंत गोळ्या इकडेतिकडे जातात. घाईत लॉटांची तुलना करणारे हे विसरतात आणि चांगला लॉट नाकारतात.

कागदी टार्गेटवर दहा गोळ्या एकाच भोकात गेल्या तर वेगळ्या मोजता येत नाहीत. त्यामुळे प्रत्येक काळ्या वर्तुळावर दोनच गोळ्या मारायच्या आणि नंतर पाच वर्तुळं एकावर एक ठेवून दहाचा ग्रुप बांधायचा असं केलं. प्रत्येक भोकाचे आडवे-उभे आकडे वडिलांनी व्हर्नियरनं घेतले आणि एक्सेलमध्ये भरले.

चांगल्या मॅच लॉटची सरासरी त्रिज्या निघाली ७.४ मिमी. दहा गोळ्यांचा फैलाव सरासरी २२ मिमीच्या आसपास. गरजेच्या १६ पासून बरंच लांब.

दुसरा मॅच लॉट थोडा मागे होता. सरावाच्या लॉटचा ग्रुप मात्र उभा ताणलेला दिसला. इथे क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं उपकरण, कामाला आला. .२२ ची गोळी साधारण ३२० ते ३३० मीटर प्रति सेकंद वेगानं निघते आणि ५० मीटरपर्यंत साडेबारा सेंटीमीटरच्या आसपास खाली येते. वेगात १० मीटर प्रति सेकंदाचा फरक पडला की टार्गेटवर उभ्या दिशेत ७ ते ८ मिमीचा फरक पडतो, जवळजवळ एक पूर्ण वर्तुळ. सरावाच्या लॉटचे वेग इतके विखुरलेले होते की तो ताण त्यातच उलगडला. बॅरलवर त्याचा ठपका ठेवता येत नव्हता. मॅच लॉटांचे वेग एकमेकांच्या जवळ होते, म्हणजे त्यांचा फैलाव दुसरीकडून येत होता.

दोष कुठे होता

दस्त्यातून रायफल उघडण्याआधी टॉर्क पान्यानं स्क्रू तपासले. पुढचा ठीक, मागचा अगदीच सैल. ओलीत लाकूड फुगतं, वाळलं की आक्रसतं, आणि स्क्रूची पकड जाते. पुराचा एवढा परिणाम नक्की दिसला, पण तो नळीत नव्हता, दस्त्यात होता. दोन्ही स्क्रू कंपनीच्या मापाला एकसारखे आवळले.

मग सफाई. रॉड मागून, बोअर गाइड लावून, एकाच दिशेनं. चेंबरपुढचं कडं सॉल्व्हेंटमध्ये भिजत ठेवून, धीरानं, ब्राँझ ब्रशनं काढलं. तांबूस डागांपैकी बहुतेक फडक्यावर आले. ते सुकलेलं मेण आणि मळ होता. एका जागी मात्र, नळीच्या साधारण मध्यावर, दोन खोबण्यांच्या तळाशी सुईच्या टोकाएवढे खड्डे राहिले. तो खरा गंज. आट्यांचे माथे तिथेही शाबूत होते.

या खड्ड्यांचं काय करायचं, हा प्रश्न डोळ्यानं सुटणारा नव्हता. म्हणून नरम शिशाची गुटी तेल लावून मागून पुढे रॉडनं ढकलली. असं करताना हाताला जे कळतं ते कॅमेऱ्याला कळत नाही. नळी कुठे सैल आहे, कुठे घट्ट, कुठे खरखरीत, सगळं रॉडमधून हातात येतं. पहिल्यांदा मी, मग वडिलांनी. गुटी सुरुवातीपासून एकसारखी सरकत गेली, खड्ड्यांच्या जागी काहीच जाणवलं नाही, आणि तोंडाकडच्या शेवटच्या भागात किंचित घट्ट झाली. .२२ मध्ये हेच हवं असतं. गोळी बाहेर पडेपर्यंत घट्ट धरलेली राहते.

उलट दिसलं असतं, म्हणजे मध्येच सैल पट्टा लागला असता, तर मी तिथेच नको म्हटलं असतं. याचं कारण वडिलांना लगेच समजलं. बटण नावाचं कडक हत्यार आतून ओढून आटे पाडलेल्या नळीत धातू कापला जात नाही, दाबला जातो, आणि पोलादात ताण साठून राहतो. तो उष्णतेनं नीट उतरवला नसेल आणि नंतर बाहेरून टर्निंग केलं किंवा साइटसाठी खाच पाडली, तर त्या जागी आतला व्यास उमलतो. बाहेरून नळी सुरेख, आतून सैल. टर्निंगनंतर जॉब वाकडा झालेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं समजावावं लागत नाही.

गुटी मायक्रोमीटरखाली मोजली. या नळीत आठ खोबण्या होत्या, सम संख्या असल्यानं समोरासमोर माप घेता आलं. विषम असत्या तर साध्या मायक्रोमीटरनं व्यास मिळाला नसता. चारही जोड्या एकमेकींशी जुळल्या. घट्ट फडकं लावलेल्या रॉडवर खूण करून पीळही पाहिला: ४०.६ सेमीत, म्हणजे १६ इंचांत एक फेरा, .२२ लाँग रायफलच्या रूढ मापाप्रमाणे, मध्ये कुठेही न घसरता.

राहिलं तोंड. कान साफ करायची कापसाची काडी क्राऊनच्या, म्हणजे नळीच्या तोंडाच्या कडेच्या, आतून बाहेर ओढत सगळ्या बाजूंनी फिरवली. एका बाजूला, बरोबर खाली, कापसाचे तंतू अडकले. भिंगाखाली तिथे दोन आट्यांची कड झिजून बाहेर बुर (धातूची बारीक खरखरीत कड) आलेली दिसली. काकांना विचारलं तेव्हा कळलं, रायफल त्यांच्याकडे येण्यापूर्वी आधीचे मालक तोंडाकडून रॉड घालून साफ करायचे. रॉड स्वतःच्या वजनानं खाली टेकतो आणि वर्षानुवर्षं त्याच जागी घासतो. गोळीचा नळीशी शेवटचा संबंध या कडेशी येतो. ती एका बाजूनं खाल्लेली असेल तर गोळीमागचा वायू आधी त्या बाजूनं निसटतो आणि गोळीला तिरका धक्का देतो. बाकीची नळी कितीही चांगली असली तरी हा धक्का चुकत नाही.

स्क्रू आवळून आणि सफाई करून, नळीत पुन्हा थर बसू देऊन त्याच मॅच लॉटचे ग्रुप मारले. सरासरी त्रिज्या ७.४ वरून ५.८ वर आली. सलग चार ग्रुपांचे मध्य तपासले, नळी तापत जाताना ते एका दिशेला सरकतात का ते पाहायला. अवशिष्ट ताण असलेली नळी अशी सरकते. सगळे मध्य दोन मिमीच्या आत होते. दहा गोळ्यांच्या मध्यात दीड मिमीची अनिश्चितता असतेच, तेव्हा यात सरकण्याची खूण नव्हती.

कुपवाडमध्ये का नाही

वडिलांनी स्वाभाविकपणे सुचवलं की क्राऊन त्यांच्याच लेथवर दहा मिनिटांत होईल. रनआउट (फिरताना होणारी डगमग) काही मायक्रॉनमध्ये ठेवणारे हात कुपवाडमध्ये आहेत, यात शंका नाही. तरीही हे करता येत नाही, आणि ते कुणी करू नये. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्तीसुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि कलम ६ नळी आखूड करायला परवाना मागतं. क्राऊन नव्यानं कापताना नळी थोडी तरी आखूड होतेच. हेतू कितीही स्वच्छ असला तरी कारागीर, रायफलीचा मालक आणि ती मुलगी, तिघंही गुन्ह्याच्या कक्षेत येऊ शकतात. मुलीची कारकीर्द सुरू होण्याआधी तिच्या परवान्याला डाग लागू शकला असता. मी हे जरा कडक आवाजातच सांगितलं.

त्यामुळे व्यवहार असा ठरला. रायफल काकांच्या परवान्यावर असतानाच त्यांनी ती परवानाधारक गनस्मिथकडे न्यावी, क्राऊनचा खर्च किमतीतून वजा व्हावा, आणि पुन्हा चाचणी झाल्यावर हस्तांतराचे कागद करावेत. गनस्मिथला आम्ही एकच गोष्ट लेखी दिली: नळी बाहेरच्या व्यासावर नव्हे, आतल्या बोअरवर, म्हणजे पोकळीवर, डायल गेज लावून मध्यात घ्यावी. बाहेरचा आणि आतला अक्ष तंतोतंत जुळतो असं गृहीत धरलं तर नवा क्राऊनही तिरका बसू शकतो. काकांनी कुरकूर न करता सगळं मान्य केलं. त्यांना रायफल चांगल्या हातात जायला हवी होती, हे त्यांच्या वागण्यात दिसत होतं.

रायफल परत आल्यावर तीच पहाट, तीच रेस्ट, तोच मॅच लॉट. सरासरी त्रिज्या ४.३ मिमी, दहा गोळ्यांचा फैलाव १३ मिमीच्या आसपास. दुसरा मॅच लॉट ५ मिमीवर राहिला, म्हणजे लॉटची निवड या रायफलीला अजूनही ०.१ गुणाच्या जवळपास किमतीची आहे. ७.४ ते ४.३ या फरकातला निम्मा भाग एका सैल स्क्रूचा आणि मळाचा होता, उरलेला निम्मा क्राऊनचा. पोलादातल्या गंजाचा त्यात वाटा नव्हता, आणि पुराचा होता तो फक्त दस्त्यात.

मी घ्या म्हटलं. खोबण्यांतले ते बारीक खड्डे तसेच आहेत. त्यांचे फोटो, तोंडापासूनच्या अंतरासह, रायफलीच्या वहीत लावले आहेत, आणि दर पावसाळ्यानंतर बोअरस्कोप घालून त्यांच्याशी ताडून पाहायचं ठरलं आहे. कपाटात सिलिका जेल आहे. दस्त्याचे स्क्रू दर महिन्याला टॉर्क पान्यानं बघायचे, हे काम मुलीनं स्वतःकडे घेतलं आहे. पहिल्या लॉटची काडतुसं वडिलांनी हंगामाला पुरतील एवढी एकदम बुक केली आहेत, कारण तो लॉट संपला की हीच चाचणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल.